व्हाया : एका भोकाचा इतिहास

गेल्या शनिवारी घरात माळा आवरायचं फर्मान निघालं. दरवर्षी निघतं, आणि दरवर्षी मी कुठलातरी जुना खोका उघडून बसतो आणि आवरणं तिथेच संपतं. या वेळी हाती लागलं ते इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट. म्हणजे त्याचं बोर्ड. आयसी केव्हाच उपटून दुसऱ्या कशाला तरी लावले होते. उरलं होतं ते तपकिरी बोर्ड, त्यावरच्या जाडजूड, वेड्यावाकड्या तांब्याच्या रेषा आणि भोकं.

"बाबा, या भोकात नुसतीच तार का घातलीये?" लेकीने विचारलं.

प्रश्न एकदम बरोबर होता. बाकीच्या भोकांत कधीकाळी कुणाचे तरी पाय होते... रेझिस्टरचे, आयसीचे. पण सात-आठ भोकं अशी होती की त्यात पार्ट असा कुठलाच नाही. नुसता तारेचा तुकडा, दोन्ही बाजूंनी सोल्डर केलेला.

"त्याला व्हाया म्हणतात."

"व्हाया म्हणजे एसटीचा?"

अगदी तोच! पुणे-नाशिक व्हाया नारायणगाव. वरच्या बाजूच्या तांब्याच्या रेषेला पुढे जायचंय, पण मध्ये दुसरी रेष आडवी आली. मग भोकातून खाली उतरायचं, खालच्या बाजूने पुढे जायचं, वाटलं तर पुन्हा वर यायचं. त्या मधल्या थांब्याचं नाव व्हाया. नारायणगाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा तिथे जायचंय.

लेकीचं समाधान झालं, ती निघून गेली. माझं मात्र झालं नाही. कारण मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, हार्डवेअरपासून चार हात लांब राहतो, आणि तरी माझ्या करिअरमधली सगळ्यात लाजिरवाणी चूक अशाच एका भोकाशी निगडित आहे. ती गोष्ट सांगतोच. पण आधी भोकाचा इतिहास.

*

छापील सर्किटची कल्पना १९३० च्या दशकातली. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आइस्लर नावाच्या इंजिनिअरने तारांचं जंजाळ काढून टाकून त्याजागी तांब्याच्या पातळ पत्र्यातून रेषा कोरायच्या असं ठरवलं. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. मग दुसरं महायुद्ध आलं. तोफगोळ्यांच्या आत बसणाऱ्या फ्यूजसाठी अमेरिकेला लहान, दणकट आणि लाखांच्या संख्येने बनवता येणारी सर्किट हवी होती. तिथे छापील सर्किटचं नशीब उघडलं. युद्धानंतर, १९४८ साली, अमेरिकेने हे तंत्र उद्योगांना खुलं केलं.

तेव्हाची बोर्डं एकाच बाजूची. एका बाजूला पार्ट, दुसऱ्या बाजूला रेषा. रेषेवरून रेष न्यायची वेळ आली की वरून तारेचा तुकडा टाकायचा, म्हणजे आपला जंपर. पुढे दोन्ही बाजूंना तांबं आलं, आणि वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर जायचं कसं हा प्रश्न उभा राहिला. सुरुवातीचं उत्तर आपल्याला बघून ओळखू येईल असं आहे. भोकात पितळी आयलेट ठोकायचं. हो, बुटाच्या लेसच्या भोकात असतं तेच. किंवा माझ्यासारखं, तार घालून दोन्हीकडून सोल्डर. (म्हणजे शेवटच्या वर्षी तापकीर गल्लीतून कॉपर-क्लॅड आणून, बाथरूममधल्या बादलीत फेरिक क्लोराईड कालवून आणि आईच्या शिव्या खाऊन मी जे बनवलं, ते तंत्रज्ञानाने साधारण चाळीस वर्षं मागे होतं. असो.)

आयलेटची भानगड अशी, की बोर्ड तापलं-निवलं की ते सैल व्हायचं. बोर्डातला राळेचा भाग जाडीच्या दिशेने तांब्यापेक्षा तिप्पट-चौपट फुगतो. हजार वेळा चालू-बंद केलं की सोल्डरला तडा. आणि तडा असा, की बोट दाबलं की चालतं, सोडलं की बंद. जुन्या टीव्हीला थापटी मारायचो, त्यातल्या बऱ्याच थापट्या अशा तड्यांसाठीच असाव्यात.

खरा उपाय १९५० आणि ६० च्या दशकांत रुळला. भोक पाडल्यावर त्याच्या आतल्या भिंतीलाच तांब्याचा मुलामा द्यायचा. आता गंमत बघा. भोकाची भिंत म्हणजे काच आणि राळ, तिच्यातून वीज जात नाही. मग तिच्यावर विजेने मुलामा चढणार कसा? म्हणून आधी रसायनांनी तांब्याची अगदी पातळ साय धरायची आणि मग त्या सायीवर विजेने तांबं चढवायचं, साधारण २५ मायक्रॉन. यालाच प्लेटेड थ्रू होल म्हणतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही युक्ती अनेक थरांच्या बोर्डांपर्यंत पोचली. मग चार थर, आठ थर, सोळा थर... इमारत उंच होत गेली आणि व्हाया हा तिचा जिना झाला.

तेव्हाच्या डिझायनरने व्हायाबद्दल कसला विचार करायचा? भोक नीट पडलंय का, मुलामा सगळीकडे सारखा बसलाय का, तडा जाणार नाही ना. बस्स. विजेच्या दृष्टीने भोक म्हणजे काहीच नाही. ड्रॉइंगवरचा एक ठिपका. पुढची तीस वर्षं बहुतेक लोकांसाठी ते तसंच राहिलं.

*

आता पुण्यात येऊ.

१९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. तेव्हा महासंगणक म्हणजे क्रे. भारताने क्रे एक्स-एमपी/२४ मागितला. अमेरिकेने बरीच खळखळ करून त्याखालचं एक्स-एमपी/१४ हे मॉडेल दिलं, तेही फक्त हवामानाच्या अंदाजासाठी वापरायचं या अटीवर. ते दिल्लीला हवामान केंद्रात बसलं. दरम्यान १९८८ साली पुण्यात सीडॅकचं काम सुरू झालं. नेतृत्व डॉ. विजय भटकर यांचं, मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षं. आणि १९९१ मध्ये परम-८००० उभा राहिला. ही गोष्ट आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे, निबंधातसुद्धा लिहिलीये.

पण निबंधात एक मुद्दा कधी नसायचा. परमचे प्रोसेसर आपले नव्हतेच. परम-८००० मध्ये इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर होते. त्यानंतरच्या परम-८६०० मध्ये इंटेलचे आय-८६०. परम-१०००० मध्ये (१९९८) सनचे अल्ट्रास्पार्क. परम पद्ममध्ये (तो बंगळुरूला होता) आयबीएमचे २४८ पॉवर-४. परम युवामध्ये (२००८) पुन्हा इंटेल.

मग आपलं काय होतं? तर जोडणी. शेकडो साधे प्रोसेसर एकमेकांना असे जोडायचे की ते मिळून एक मोठं यंत्र व्हावं, आणि त्यावर चालणारं सॉफ्टवेअर. परमची अक्कल प्रोसेसरमध्ये नव्हती, प्रोसेसरच्या मधल्या जागेत होती. ट्रान्सप्युटरची निवडही त्याचसाठी. त्या चिपला मुळातच चार सिरियल लिंक होत्या, शेजाऱ्यांशी बोलायला. पुढे सीडॅकने स्वतःचं नेटवर्क बनवलं, परमनेट. त्याची कार्डं आणि स्विच इथलेच. पद्मसाठी परमनेट-२, अडीच गिगाबिटचं. युवासाठी परमनेट-३, दहा गिगाबिटचं.

आणि मधली जागा म्हणजे काय हो? बोर्डावरच्या रेषा, कनेक्टर, केबल... आणि भोकं.

*

जरा हिशेब करू. घाबरू नका, गुणाकार-भागाकारच आहेत.

ॲडमिरल ग्रेस हॉपर व्याख्यानांत श्रोत्यांना साधारण ३० सेंटीमीटरचे तारेचे तुकडे वाटायच्या. हा घ्या एक नॅनोसेकंद, म्हणून. प्रकाश एवढ्या वेळात एवढंच अंतर जातो. छापील बोर्डाच्या काच-राळेत सिग्नलचा वेग निम्म्यावर येतो. म्हणजे एका नॅनोसेकंदात १५ सेंटीमीटर.

टी-८०० ची लिंक जास्तीत जास्त २० मेगाबिटची. म्हणजे एका बिटला ५० नॅनोसेकंद. ५० गुणिले १५, साडेसात मीटर! एक बिट बोर्डावर आडवा पसरला तर त्याची लांबी साडेसात मीटर, जुन्या वाड्याच्या चौकाएवढी. बोर्डाची जाडी १.६ मिलिमीटर. त्या अवाढव्य बिटाला वाटेतलं भोक कशाला जाणवतंय? हत्तीला मुंगीएवढा खड्डा.

परमनेट-२ चा वेग अडीच गिगाबिट. त्या वेगाने एकाच जोडीवरून बिट पाठवले तर एका बिटाची लांबी सहा सेंटीमीटर. (दहा गिगाबिटचा पोर्टसुद्धा तेव्हा बहुधा चार जोड्यांत वाटलेला असायचा, प्रत्येकी अडीच-तीन गिगाबिट.) आज डेटा सेंटरमध्ये १०० गिगाबिटचा पोर्ट अगदी सर्रास दिसतो, सहसा चार जोड्या, प्रत्येकी २५ गिगाबिट. तिथे एक बिट म्हणजे फक्त सहा मिलिमीटर. आणि स्विचच्या जाड बोर्डाची जाडीच तीन मिलिमीटर. म्हणजे भोक अर्ध्या बिटाएवढं खोल!

साडेसात मीटर, सहा सेंटीमीटर, सहा मिलिमीटर. भोक तेवढंच राहिलं, बिट आखडत गेला.

दुसऱ्या बाजूने बघू. १.६ मिलिमीटरच्या बोर्डातल्या ०.३ मिलिमीटर व्यासाच्या भोकाचं इंडक्टन्स साधारण १.३ नॅनोहेन्री येतं. १० मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा ०.०८ ओहम. म्हणजे नसल्यातच जमा. ५ गिगाहर्ट्झला तोच ४० ओहम. रेषेचा इम्पिडन्स असतो ५० ओहम, तिच्या मध्ये अचानक ४० ओहमचं भूत उभं! शिवाय भोकाच्या तोंडाशी तांब्याची जी गोल चकती असते तिचं आतल्या तांब्याच्या थरांशी कपॅसिटन्स तयार होतं, अर्धा-पाऊण पिकोफॅरड, ते वेगळंच.

म्हणजे ड्रॉइंगवरचा तो ठिपका हळूहळू एक पार्ट झाला. विकत न घेतलेला, यादीत नसलेला पार्ट. १९९३ साली हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहम यांचं हाय-स्पीड डिजिटल डिझाईनवरचं पुस्तक आलं. आज ते हार्डवेअरवाल्यांच्या प्रत्येक कपाटात असतं. त्याच्या उपशीर्षकातच ब्लॅक मॅजिक हे शब्द आहेत. डिजिटलवाल्यांना हा प्रकार तेव्हा करणीसारखाच वाटत असणार.

रडार आणि मायक्रोवेव्हवाल्यांना मात्र हे आधीपासून माहीत होतं. आणि क्रेलाही. १९७६ चा क्रे-१ आठवा, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा. तो आकार दिसायला छान म्हणून नव्हता. आतल्या बाजूच्या तारा आखूड राहाव्यात, चार फुटांच्या वर जाऊ नयेत म्हणून होता. ८० मेगाहर्ट्झच्या त्या यंत्रात तारेची लांबी हा वेळेचाच हिशेब होता. जी गोष्ट १९७६ मध्ये तारांना लागू झाली, ती तीसेक वर्षांनी भोकांना लागू झाली.

*

आता माझी गोष्ट.

२०१२ ची असेल. कंपनीचं नाव घेत नाही. पुण्यातलीच होती आणि मी तिथे ड्रायव्हर लिहिणाऱ्या टीमचा लीड होतो. एक मोठा कॅबिनेट, त्यात उभी खोचायची कार्डं, आणि मागे सगळ्यांना जोडणारा बॅकप्लेन, चांगला सहा मिलिमीटर जाड. कार्डांच्या मधल्या लिंक १० गिगाबिटच्या, एका जोडीवर. स्लॉट ३ आणि ४ मधली लिंक मध्येच बिट खायची. बाकीच्या स्लॉटवर तेच कार्ड, तोच ड्रायव्हर, सगळं मस्त.

ड्रायव्हरचा तो भाग लिहिला होता एका नुकत्याच लागलेल्या मुलाने. मी त्याला तीन आठवडे पिदडला. लॉग टाक, रीट्राय टाक, टाईमआऊट वाढव. तो म्हणायचा, "सर, कोडमध्ये स्लॉट नंबर येतच नाही, मग फक्त दोनच स्लॉटला प्रॉब्लेम कसा येईल?" आणि मी म्हणायचो, "रेस कंडिशन असेल, शोध." हार्डवेअरने त्यांच्या चाचण्या पास झाल्याचं सांगितलं होतं, आणि हार्डवेअर पास म्हणजे चूक सॉफ्टवेअरचीच असा माझा साधा हिशेब. त्या मुलाचं अप्रेझल मधे येऊन गेलं. काय लिहिलं असेन ते सांगायला नको.

मग एक दिवस लेआऊटचे सर आमच्या क्यूबिकलपाशी आले. रिटायरमेंटला आलेले, बोलायला मोजके. त्या मुलाने त्यांना परस्पर गाठलं होतं, माझ्याशी डोकं आपटून उपयोग नाही म्हणून. सर मला म्हणाले, "अहो, लिंक अर्ध्या वेगाने चालवून बघितलीत का?"

बघितली. एकही चूक नाही.

"मग कोड काय वेग बघून चुकतो का?"

त्यांनी बॅकप्लेनचा आडवा छेद कागदावर काढला. कनेक्टरची पिन वरून भोकात शिरते. भोक आरपार, सहा मिलिमीटर. स्लॉट ३-४ ची रेष अगदी वरच्या थरातली. म्हणजे सिग्नल वरून आला, अर्धा मिलिमीटर खाली उतरला आणि आडवा वळला. बाकीच्या स्लॉटच्या रेषा खालच्या थरांत, ते सिग्नल जवळजवळ तळापर्यंत उतरून वळायचे.

"आता सांगा, कुणाला त्रास जास्त?"

मी अर्थात म्हणालो, जो जास्त खोल उतरतो त्याला. चूक! त्रास त्याला, जो लवकर वळतो. कारण त्याच्या खाली साडेपाच मिलिमीटरची तांब्याची नळी रिकामी लोंबकळत राहते. तिचं नाव स्टब. पेठेतला बंद बोळ समजा. मुख्य गल्लीतून जाणारा सिग्नल वळताना थोडा बोळातही शिरतो, टोकाला आपटतो, परत येतो आणि मुख्य प्रवाहात घुसतो. बोळाची लांबी जर तरंगाच्या पाव लांबीएवढी असेल तर जाऊन-येऊन बरोबर अर्ध्या तरंगाचा उशीर होतो. मूळ सिग्नल शिखरावर असताना परतणारा तळाशी. बेरीज शून्य. त्या फ्रीक्वेन्सीला सिग्नल स्वतःच स्वतःला खातो.

साडेपाच मिलिमीटरच्या बोळासाठी ही फ्रीक्वेन्सी कागदावर साडेसहा-सात गिगाहर्ट्झ येते. चकत्या आणि आजूबाजूच्या तांब्यामुळे प्रत्यक्षात ती घसरून पाचच्या आसपास पोचते. आणि १० गिगाबिटला एकाआड एक शून्य-एक पाठवले तर त्याची फ्रीक्वेन्सी किती? पाच गिगाहर्ट्झ. नेम धरून मारल्यासारखं. अर्धा वेग केला की अडीच, आणि मग बोळाचा त्रास जवळजवळ संपला.

तीन आठवडे आम्ही ज्याच्यावर रीट्राय मारत होतो ती रेस कंडिशन नव्हतीच. ते एक भोक होतं. म्हणजे भोकाचा न वापरलेला भाग.

*

मग अशा भोकाचं करायचं काय? सरांनी त्या आठवड्यात जे शिकवलं ते सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगतो.

एक : बोळ कापून टाका. बोर्ड बनवून, मुलामा देऊन झाला की उलट बाजूने जरा मोठं ड्रिल घालून नको असलेली नळी खरवडून काढायची. याला बॅकड्रिल म्हणतात. रेषेच्या थराला धक्का लागू नये म्हणून थोडंसं शेपूट ठेवावं लागतं, पाव मिलिमीटरच्या आसपास. आधी खर्च करून चढवलेलं तांबं नंतर पुन्हा खर्च करून काढायचं! आमच्या बॅकप्लेनच्या पुढच्या आवृत्तीत हेच केलं.

दोन : मुळात रेषाच खालच्या थरात न्या, म्हणजे बोळ उरतच नाही. फुकटचा उपाय, पण सगळ्यांना तळमजला मिळत नाही.

तीन : भोक आरपार पाडूच नका. हव्या त्याच दोन थरांमध्ये पाडा. १९९० च्या सुमारास आयबीएमच्या जपानमधल्या यासू इथल्या लोकांनी थरावर थर चढवत जायचं आणि प्रत्येक थरात बारीक भोकं करायची असं तंत्र आणलं. पुढे लेझरने भोकं पाडणं आलं. तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये अशी शेकडो मायक्रोव्हाया आहेत, ती नसती तर मोबाईल विटेएवढा राहिला असता.

चार : भोकाभोवती मोकळी जागा ठेवा. आतल्या तांब्याच्या थरांना भोकापाशी जे गोल छिद्र ठेवतात त्याला अँटीपॅड म्हणतात. ते मोठं केलं की कपॅसिटन्स कमी होतं. फार मोठं केलं की इम्पिडन्स दुसऱ्या बाजूला पळतो. मीठ घालण्यासारखं आहे, चवीनुसार... पण चव बघायला सिम्युलेटर लागतो.

पाच, आणि हा मला सगळ्यात आवडलेला : परतीची वाट. आपण म्हणतो सिग्नल गेला. पण करंट जेवढा जातो तेवढाच परत येतो, आणि तो सिग्नलच्या अगदी लगतच्या ग्राउंड थरावरून. सिग्नल भोकातून दुसऱ्या थरावर उतरला, पण परतीच्या करंटला उतरायला जिनाच नसेल तर तो लांबून वळसा घालतो आणि सगळ्या शेजाऱ्यांना त्रास देतो. म्हणून सिग्नलच्या भोकाशेजारी ग्राउंडची भोकंही पाडायची. म्हणजे ज्या भोकांतून कुठलाच बिट जात नाही, ती भोकंही बिट नीट जावा म्हणूनच.

*

आता थोडं कडू. नुसतं परमचं कौतुक करून थांबलो तर ते खरं होणार नाही.

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यातलाच दुसरा महासंगणक, टाटांच्या सीआरएलचा एका, जगाच्या टॉप-५०० यादीत थेट चौथा आला. त्याचं नेटवर्क होतं इन्फिनिबँड, बाजारातून घेतलेलं. त्यानंतर वर्षभराने सीडॅकचा युवा आला, ५४ टेराफ्लॉप्सचा, एकाच्या बराच खाली. पुढे २०२० मध्ये सीडॅकचा स्वतःचा परम सिद्धी-एआय त्याच यादीत ६३ वा आला, तोही इन्फिनिबँडवर. म्हणजे विकत आणलेलं जास्त पळतं, हे खरंच आहे. मग पुण्यात बसून भोकं मोजत राहायची कशाला? हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. पैसे करदात्यांचे असतात.

माझं उत्तर मी त्या बॅकप्लेनवरून देतो. आम्ही तीन आठवडे घालवले कारण तो आडवा छेद काढता येणारा माणूस आमच्या मजल्यावर एकच होता आणि आम्ही त्याला विचारलं नाही. विकत आणलेलं यंत्र चालतं तोवर चालतं. बिघडलं, किंवा विकणाऱ्याने एक्स-एमपी/२४ ऐवजी एक्स-एमपी/१४ पुढे केला, की मग तुमच्याकडे छेद काढणारा माणूस आहे का, एवढाच प्रश्न उरतो. आणि असा माणूस एक बोर्ड बनवून तयार होत नाही. बिट साडेसात मीटरचा असल्यापासून तो सहा मिलिमीटरचा होईपर्यंत, प्रत्येक पायरीला कुणीतरी बोर्ड बनवत राहावं लागतं, चुकत राहावं लागतं. मधल्या पायऱ्या गाळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारता येत नाही.

२०१५ मध्ये ४५०० कोटींचं राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झालं. त्यातून रुद्र हा इथे डिझाईन केलेला सर्व्हर आला आणि त्रिनेत्र नावाचं नेटवर्क. त्याची १०० गिगाबिटची आवृत्ती सीडॅकच्या पुण्यातल्या एक पेटाफ्लॉपच्या परम रुद्रवर चालवून तपासली गेली. तिथल्या बोर्डांवरची भोकं कुणीतरी एकेक करून विचारपूर्वक पाडलेली असणार, त्याशिवाय त्या वेगाला काही चालतच नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये तीन परम रुद्र देशाला अर्पण झाले. कार्यक्रम पुण्यात व्हायचा होता, पण आपल्याकडच्या पावसाने तो व्हिडिओवर ढकलला. :) त्या तिघांपैकी एक आहे जीएमआरटीसाठी. खोडदच्या त्या ४५ मीटरच्या तीस ॲन्टेना, आकाशातून क्षणभर येणारे रेडिओ स्फोट शोधणाऱ्या. खोडद कुठे आहे? नारायणगावपासून हाकेच्या अंतरावर. तर अब्जावधी वर्षं प्रवास करून आलेला सिग्नल आपल्यापर्यंत पोचतो तो व्हाया नारायणगाव... आणि मग व्हाया ०.३ मिलिमीटरचं भोक.

*

तो मुलगा त्या वर्षीच कंपनी सोडून गेला. बॅकप्लेनचा उलगडा झाल्यावर मी त्याला सॉरी म्हणालो होतो, पण अप्रेझलचा फॉर्म तोवर वर गेला होता आणि तो परत मागवायची धमक मी दाखवली नाही. तुमच्यातले बरेच जण आता लीड झाले असतील, म्हणून सांगतो. टीममधला ज्युनिअर जेव्हा म्हणतो की कोडमध्ये स्लॉट नंबर येतच नाही, तेव्हा तो सबब सांगत नसतो. तो तुम्हाला भोकाचा पत्ता सांगत असतो.

माळा अजून आवरायचाच आहे. बोर्ड मात्र टाकलं नाही, टेबलावर ठेवलंय.